माशांना अभय, मच्छीमारांना भय?

कबनूरला समुद्र नाही, हे मला माहीत आहे! इथे आहेत ते यंत्रमाग, उसाची शेतं आणि चार पावलांवर इचलकरंजी. आपली पंचगंगासुद्धा अरबी समुद्राकडे पाठ करूनच वाहते. नरसोबावाडीला कृष्णेला मिळते आणि तिच्याबरोबर पार बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. मग मॅगेझिनच्या मराठी विभागात समुद्रावर लेख कशाला, असा प्रश्न कुणालाही पडेल.

कारण साधं आहे. सलग तीन दिवस सुट्टी आली की हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर एकच बेत शिजतो, ‘चला मालवण!’ घाट उतरायचा, तारकर्लीला राहायचं, सिंधुदुर्ग किल्ला बघायचा, स्कूबा करायचं, सुरमई खायची आणि परत येऊन सबमिशनला लागायचं. पण किल्ल्याजवळच्या ज्या पाण्यात आपण डुबकी मारतो, ते पाणी कायद्याने अभयारण्य आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? दाजीपूरच्या जंगलासारखंच, वन्यजीव कायद्याखाली जाहीर झालेलं अभयारण्य!

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. भूगोलात ऑस्ट्रेलियाचा ग्रेट बॅरियर रीफ पाठ केला होता. त्याची 2300 किलोमीटर लांबी आजही झोपेत विचारली तरी सांगेन. पण आपल्या महाराष्ट्रात, शिवाजी महाराजांनी 1664 साली बांधायला घेतलेल्या किल्ल्याच्या आजूबाजूला प्रवाळ आहेत, ही गोष्ट त्या पुस्तकात नव्हती. आणि त्या प्रवाळांच्या शेजारी पिढ्यान् पिढ्या मासेमारी करणारी माणसं आहेत, ही तर नव्हतीच. हा लेख त्या माणसांविषयी आहे.

आधी थोडी माहिती. 13 एप्रिल 1987 रोजी मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्रफळ 29.12 चौरस किलोमीटर. म्हणजे साधारण साडेपाच किलोमीटर लांब आणि तेवढाच रुंद असा पाण्याचा तुकडा. त्यातला 3.18 चौरस किलोमीटरचा भाग गाभा क्षेत्र आणि उरलेला बफर. प्रवाळ, समुद्री शेवाळ, शिंपले, खडकांच्या आधाराने राहणारे मासे, डॉल्फिन असं सगळं वैभव या भागात आहे. हेतू चांगलाच होता. त्याबद्दल कुणाचं दुमत असायचं कारण नाही.

पण गंमत बघा. या गाभा क्षेत्रातच सिंधुदुर्ग किल्ला येतो, पद्मगड येतो. किल्ल्यात आजही काही कुटुंबं राहतात. समोरच मालवणचं बंदर. म्हणजे जिथे माणसाने कमीत कमी पाऊल ठेवावं असं कायदा म्हणतो, तिथे माणसं शतकानुशतकं राहत आहेत, होड्या हाकत आहेत आणि जाळी टाकत आहेत. ही रेषा आखताना आम्हाला कुणी विचारलंच नाही, ही मालवणच्या मच्छीमारांची पहिल्या दिवसापासूनची तक्रार आहे. आज रेषा आखली, उद्या जाळं टाकायला बंदी करतील, परवा घराची दुरुस्ती करायलासुद्धा परवानगी मागावी लागेल, अशी धास्ती पसरली. सभा झाल्या, विरोध झाला, निवेदनं दिली गेली. परिणाम काय झाला? अभयारण्य राहिलं कागदावर आणि अविश्वास राहिला किनाऱ्यावर. ना माशांना पुरतं अभय मिळालं, ना मच्छीमारांचं भय गेलं.

मित्रांनो, हे आपल्या भाषेत सांगायचं तर मेसचं उदाहरण घ्या. समजा, एके दिवशी नोटीस लागली, ‘उद्यापासून मेसचा अर्धा भाग बंद. कारण : अन्नाची नासाडी.’ कुणाशी चर्चा नाही, कधी उघडणार ते सांगितलेलं नाही, आणि बाहेरची माणसं मात्र मागच्या दाराने येऊन जेवून जातायत. आपण काय करू? नासाडी कमी करू की नोटीस फाडू? आता दुसरी बाजू बघा. मेस कमिटी मुलांचीच असेल, हिशेब मुलांच्याच हातात असेल आणि महिनाअखेरीस वाचलेले पैसे मुलांच्याच बिलातून कमी होणार असतील, तर ताटात भात टाकणाऱ्याला शेजारचाच मुलगा टोकतो. तिथे वॉर्डनची गरज लागत नाही. नियम तोच. बदल फक्त एवढाच, की नियम कुणी केला आणि त्याचा फायदा कुणाला.

कुणी म्हणेल, मेस वेगळी आणि समुद्र वेगळा. मान्य! म्हणून समुद्राचंच उदाहरण देते.

फिलिपिन्समध्ये अपो नावाचं एक चिमुकलं बेट आहे. एक चौरस किलोमीटरसुद्धा नाही. 1982 मध्ये तिथल्या मच्छीमारांनी सिलीमन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांशी चर्चा करून बेटाभोवतीच्या प्रवाळांचा एक छोटा भाग, साधारण दहावा हिस्सा, मासेमारीसाठी बंद केला. पहारा गावकऱ्यांचाच. काही वर्षांत बंद भागात मोठे मासे दिसू लागले आणि हळूहळू शेजारच्या खुल्या भागातही गळाला जास्त मासे लागू लागले. थोडं बंद ठेवून बाकीचं भरतं, हे लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. पुढची गोष्ट मात्र आपण जास्त लक्षात ठेवायला हवी. 1994 मध्ये ते बेट राष्ट्रीय संरक्षित क्षेत्रांच्या यादीत गेलं, कारभार वरच्या मंडळाकडे गेला आणि आपल्या हातातलं काहीतरी गेलं असं गावकऱ्यांना वाटू लागलं. जे अभ्यासक पूर्वी कौतुकाने लिहीत होते तेच मग विचारू लागले, की ही वाट चुकली तर नाही ना?

आता आपल्या देशात या. गुजरातच्या किनाऱ्यावर पूर्वी व्हेल शार्क मारला जायचा. 2001 मध्ये त्याला कायद्याचं संरक्षण मिळालं. पण नुसत्या कायद्याने खोल समुद्रात काय होणार? 2004 मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियाने मोहीम सुरू केली आणि मोरारीबापूंनी लोकांना समजावलं, की हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे. तेव्हापासून तिथल्या मच्छीमारांनी आपली जाळी कापून शेकडो व्हेल शार्क सोडून दिले. जाळ्याचं नुकसान भरून द्यायची सोयही झाली. एकीकडे भावना आणि दुसरीकडे भरपाई, दोन्ही हात लागले तेव्हा काम झालं.

महाराष्ट्रातही असं घडलंय. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला, म्हणजे नाना फडणविसांच्या गावाला, समुद्री कासवांची अंडी पूर्वी चोरीला जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. 2006 पासून कासव महोत्सव भरू लागला. पर्यटक गावातल्या घरांतच राहतात, घरचंच जेवतात आणि पहाटे पिल्लं समुद्रात जाताना बघतात. कासव जगलं तर गावात चार पैसे येतात, हे गणित कुणाला समजावून सांगावं लागत नाही. राज्य सरकारनेही डिसेंबर 2018 पासून योजना आणली. जाळ्यात अडकलेला संरक्षित जीव जाळं कापून सोडला आणि त्याचा फोटो दाखवला, तर 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई. वेंगुर्ल्याला मांडवीच्या खाडीत बचत गटाच्या महिला पर्यटकांना होडीतून कांदळवनाची सफर घडवतात. म्हणजे मार्ग माहीत नाही असं अजिबात नाही. मार्ग सापडलेला आहे. फक्त तो मालवणच्या अभयारण्याच्या कारभारात पुरता आलेला नाही.

आता जरा इंजिनिअरिंगचं बोलू, नाहीतर सर म्हणतील की ही मुलगी ब्रँच बदलून आली काय!

ट्रॉलरचं जाळं म्हणजे एक लांब पिशवी. शेपटीकडच्या टोकाला मासे जमा होतात. नेहमीच्या जाळ्यात प्रत्येक घर शंकरपाळीच्या आकाराचं असतं. बोट जाळं ओढू लागली की धाग्यांवर ताण येतो, शंकरपाळी लांबट होते आणि मिटते. पिल्लं आत येतात, त्यांना बाहेर पडायला जागाच राहत नाही. आता त्याच धाग्याचं, त्याच मापाचं घर चौकोनी बसवलं, तर ताण उभ्या धाग्यांवर येतो आणि चौकोन उघडा राहतो. फर्स्ट इयरच्या मॅथ्सचं गणित आहे. बाजू तेवढीच ठेवून शंकरपाळीचा कोन 20 अंशांवर आणा, क्षेत्रफळ चौकोनाच्या जेमतेम एक तृतीयांश उरतं. चौकोनातून पिल्लू निसटतं, मोठा मासा राहतो. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने 2011 च्या सुमारास जो प्रकल्प सुरू झाला, त्यात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या सल्ल्याने 40 मिलिमीटरची अशी चौकोनी घरांची जाळी ट्रॉलरवाल्यांना वापरायला दिली गेली. कापडाच्या गावात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना यातली मेख लगेच कळेल. धागा तोच, विणकाम बदललं की परिणाम बदलतो!

मला ही जाळ्याची गोष्ट का महत्त्वाची वाटते, ते सांगते. ‘इथे मासेमारी बंद’ हा नियम पाळायला पोट आडवं येतं. ‘पिल्लू सोड, मोठा धर’ हा नियम मच्छीमाराच्या फायद्याचाच आहे. आज सोडलेलं पिल्लू पुढच्या हंगामात वजनाने आणि भावाने वाढून परत येतं. पण त्यात एक अडचण आहे. मी पिल्लू सोडलं आणि शेजारच्या बोटीने ते धरलं तर? मग मी मूर्ख ठरले! म्हणून असा नियम एकट्यादुकट्याने पाळता येत नाही, सगळ्यांनी मिळून पाळावा लागतो. आणि सगळ्यांनी मिळून पाळायचा तर सगळ्यांनी मिळून करायला नको का?

असं मिळून करणं कोकणाला नवीन नाही. रापण घ्या. किनाऱ्यावरून ओढायचं ते अजस्र जाळं. ते एकट्याने ओढताच येत नाही. अनेक कुटुंबांचा संघ असतो, प्रत्येकाचं काम ठरलेलं, प्रत्येकाचा वाटा ठरलेला. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊनच पुन्हा पाण्यात लोटायच्या, ही प्रथा सरकारी बंदीच्या कितीतरी आधीची. समुद्राला विश्रांती द्यावी लागते, हे ज्यांना परंपरेने माहीत आहे, त्यांनाच आपण निसर्गाचे शत्रू समजायचं? हे लॉजिक मला पटत नाही.

अर्थात, सगळे स्थानिक म्हणजे साधुसंत असंही मी म्हणणार नाही. ‘स्थानिक’ हा शब्द दिसतो तेवढा सरळ नाही. रापणवाला स्थानिक आहे, ट्रॉलरवालाही स्थानिक असू शकतो, पर्ससीन जाळ्याचा मालकही. पर्ससीन म्हणजे माशांचा अख्खा थवा घेरून खालून आवळायचं जाळं. यांच्यात समुद्रात भांडणं होतात. परराज्यातले हायस्पीड ट्रॉलर येतात ते वेगळंच. याच संघर्षातून 2016 मध्ये राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले, 2017 मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली आणि 2021 मध्ये राज्याने आपला 1981 चा सागरी मासेमारी कायदा बदलून दंड लाखांच्या घरात नेला. त्यात आता स्कूबावाले आणि हॉटेलवालेही आलेत. मच्छीमाराचं जाळं प्रवाळात अडकू नये म्हणायचं आणि पर्यटकांच्या बोटींचे नांगर प्रवाळावर पडले तर चालतात, हे कसं? त्यामुळे ‘लोकांना विचारा’ एवढं म्हणून भागत नाही. कुठल्या लोकांना, कसं आणि काय विचारायचं, हे ठरवावं लागेल. माझ्या मते पाच गोष्टी करता येतील.

एक. अभयारण्याला खरी समिती हवी. वन्यजीव कायद्यात 2002 च्या दुरुस्तीने अभयारण्यासाठी सल्लागार समितीची आणि तीत लोकप्रतिनिधींना घेण्याची तरतूद आली. तिच्यात रापणकर, छोटे होडीवाले, मासे विकणाऱ्या महिला, ट्रॉलरवाले आणि स्कूबावाले अशा प्रत्येकाला जागा द्या आणि निम्म्याहून जास्त जागा मासेमारीवर पोट असणाऱ्यांना. बैठक मालवणात व्हावी, मराठीत व्हावी, आणि काय ठरलं त्याचा कागद माशांचा लिलाव होतो तिथे लागावा.

दोन. हक्क लिहून द्या. कायद्यातच म्हटलंय की समुद्राचा भाग अभयारण्य जाहीर करताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपण्याचे पुरेसे उपाय करावेत. ही तरतूद आली 1991 मध्ये, मालवणनंतर चार वर्षांनी. म्हणजे कायद्यालाही शहाणपण आलं. मग मालवणला त्याचा लाभ मिळायला नको? कुणी, कुठे, कुठल्या जाळ्याने, कुठल्या महिन्यात मासेमारी करायची ते स्पष्ट लिहा. माणूस बंदीला जितका घाबरतो, त्याहून जास्त संदिग्धतेला घाबरतो.

तीन. सुरुवात छोट्या तुकड्याने करा. कुठला खडक तीन वर्षं बंद ठेवायचा ते मच्छीमारांनाच निवडू द्या. मासे कुठे अंडी घालतात ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत आहे? तीन वर्षांनी मोजायचं. मासे वाढले तर बंद ठेवायचं, नाही वाढले तर बदलायचं. कंट्रोल सिस्टिम्स शिकलेल्यांना मी काय सांगू! आज हे अभयारण्य म्हणजे ओपन लूप सिस्टिम आहे. 1987 ला इनपुट दिलं, आउटपुट बघून ते सुधारायची सोयच कुणी केली नाही.

चार. पर्यटनाचा पैसा किनाऱ्यावर राहू द्या. प्रत्येक स्कूबा तिकिटामागे ठराविक रक्कम समितीच्या खात्यात जावी. त्यातून बोटी बांधायला तरंगते बोये बसवा, म्हणजे नांगर टाकायची गरजच पडणार नाही. त्यातूनच चौकोनी जाळ्यांना मदत करा.

पाच. बडगा आधी बाहेरच्यावर उगारा. रात्री घुसणाऱ्या मोठ्या ट्रॉलरवर कारवाई होत नाही आणि पहाटे होडी घेऊन निघालेल्या म्हाताऱ्याला नियम दाखवले जातात, असं चित्र असेल तर कुठलीही समिती टिकणार नाही. अभयारण्य वनखात्याचं, मासेमारी मत्स्यव्यवसाय खात्याची, बंदर तिसऱ्याचं, पर्यटन चौथ्याचं! ‘ते आमच्याकडे येत नाही’ हे वाक्य बंद करायचं असेल तर या सगळ्यांनी त्याच समितीच्या टेबलाला बसायला हवं.

यावर एक आक्षेप येईल, की हे सगळं फार हळू आहे. चर्चा होईपर्यंत प्रवाळ शिल्लक राहतील का? समुद्र तापतोय, हे खरं आहे. घाई आहेच. पण घाईने आखलेल्या रेषेचं काय होतं, ते मालवणने दाखवून दिलंय. 1987 पासून आजपर्यंतचा काळ मोजा. विश्वास कमवायला एवढा वेळ नक्कीच लागला नसता. डिसेंबर 2022 मध्ये मॉन्ट्रियलला जगातल्या देशांनी ठरवलं, की 2030 पर्यंत जमीन आणि समुद्र यांचा 30 टक्के भाग संरक्षित करायचा. टार्गेट आलं की आकडे भरायची घाई होते, हे जर्नल्स पूर्ण करणाऱ्या आपल्याहून चांगलं कोण जाणतं! नकाशावर रेषा मारून 30 टक्के सहज भरतील. त्यातले किती टक्के खरोखर राखले जातील, हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा.

आणि आपण काय करायचं? पुढच्या ट्रिपला प्रवाळावर उभं राहून फोटो काढायचा नाही. बोटवाल्याला विचारायचं, नांगर कुठे टाकतोस? जेवायला बसलो की ताटातला मासा बघायचा. बोटाएवढी पिल्लं असतील तर ती नको म्हणायचं. हे झालं सगळ्यांनी करण्यासारखं. टेक्स्टाइलच्या मुलांनी प्रोजेक्टला जाळ्याचा विषय का घेऊ नये? ताण दिल्यावर घर किती मिटतं ते लॅबमध्ये मोजता येईल. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी खडकाजवळ पाण्याचं तापमान नोंदवणारं स्वस्त यंत्र बनवावं. कॉम्प्युटरवाल्यांनी मच्छीमारांना रोजची मासळी मराठीत नोंदवता येईल असं साधं ॲप करावं. पण एक अट आहे. विषय ठरवायच्या आधी मालवणला जाऊन तिथल्या मच्छीमारांना विचारायचं, ‘तुम्हाला नक्की काय हवंय?’ 1987 साली जो प्रश्न राहून गेला, तो आपल्या प्रोजेक्टमध्ये तरी राहू नये. सर आणि मॅडम, असा विषय घेऊन कुणी आलं तर ‘हा आपल्या सिलॅबसमध्ये बसत नाही’ असं कृपया म्हणू नका, एवढीच विनंती.